आपल्या जन्माच्या वेळी हजर कोण होतं?



आठवणींचा ढीग झालाय, दुसरं काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. म्हणून हा लेख शाळेतल्या दिवसांबद्दल नाही, त्याच्या आधीच्या एका दिवसाबद्दल आहे. आपण बहुतेक सगळे १९८० च्या आगेमागे जन्मलेलो. मध्यंतरी मी ग्रुपवर एक प्रश्न टाकला होता, आठवत असेल : तुमचा जन्म कुठे झाला आणि बाळंतपण कोणी केलं? बऱ्याच जणांनी 'आजोळी, घरीच' असं लिहिलं. काहींनी 'सुईण आजी' लिहिलं. तालुक्याच्या दवाखान्यात जन्मलेले थोडे. आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द होता 'नर्सबाई'.

या नर्सबाई आल्या कुठून? त्यांना गावात कोणी, कधी आणि काय म्हणून पाठवलं? हा प्रश्न मला कामातून पडला. मी ज्या प्रकल्पावर काही वर्षं काम करते आहे, त्यात आरोग्य उपकेंद्रातल्या कागदी नोंदवह्या टॅबलेटवर आणायच्या असतात. गरोदर मातांची नोंद, लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षयरोग, हिवताप, औषधांचा साठा, आणखी कितीतरी. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी सही मात्र एकाच व्यक्तीची. आमच्या धंद्यात जुन्या प्रोग्रामवर ठिगळावर ठिगळ चढत जातं आणि मूळ प्रोग्राम कशासाठी लिहिला होता हे कोणालाच आठवत नाही, तसं हे पद दिसलं. म्हणून मी समित्यांचे अहवाल वाचायला बसले. इतिहासाच्या तासाला सनावळी पाठ करायला कंटाळणाऱ्या मुलीने हे केलं यावर सरांचा विश्वास बसणार नाही.

सुरुवात एका शाळकरी मुलीपासूनच करता येते. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली मुक्ता साळवे ही विद्यार्थिनी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतो. त्यात ती आपल्या समाजातल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दलही लिहिते : डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पावसापासून आडोसा नाही, आणि अशात बाई प्रसूत होते. यातला विरोधाभास असा, की त्या काळी अनेक गावांत इतरांच्या घरची बाळंतपणं करायला याच समाजातल्या बायकांना बोलावलं जाई. नाळ कापणं, वार पुरणं हे विटाळाचं काम मानलेलं. बाळंतिणीला हात लावणारे हात हवे होते, पण त्या हातांना मान नव्हता. पुढे प्रशिक्षित नर्स आली तेव्हा तो कमीपणा तिच्याही पदराला चिकटला, असं माझं मत आहे. 'नर्सिंगला मुलगी घालायची?' हा प्रश्न आपल्या लहानपणीही घराघरात ऐकू यायचा. तो काही आकाशातून पडलेला नव्हता.

प्रशिक्षण हळूहळू आलं. १८८५ मध्ये डफरिन फंड सुरू झाला, त्यातून बायकांसाठी दवाखाने आणि स्त्री डॉक्टर-परिचारिकांच्या शिक्षणाला पैसा मिळाला. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड निघाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय विद्यार्थिनी म्हणून येतं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुण्याचं पाऊल. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत विधवा होत्या, घरात ज्यांचं तोंड बघणं अपशकुन मानलं जाई अशा. त्यांना पांढऱ्या गणवेशात रुग्णाच्या उशाशी उभं करणं हे त्या काळच्या पुण्यात सोपं गेलं नसणार.

१९३५ मध्ये मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याच्या नावातच तीन वेगळी माणसं आहेत : नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर. नर्स आजाऱ्याची शुश्रूषा करणारी, मिडवाइफ म्हणजे प्रसाविका बाळंतपण करणारी, आणि हेल्थ व्हिजिटर घरोघर जाऊन आरोग्याचं सांगणारी. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काय झालं तीच खरी गोष्ट आहे.

१९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. आपले कामगार पुढारी ना. म. जोशीही तिच्यावर होते. स्वतंत्र भारताची आरोग्यव्यवस्था कशी असावी याचा तो पहिला मोठा आराखडा. त्यातले आकडे वाचताना मी थांबले. हजार जिवंत जन्मांमागे अंदाजे २० माता दगावत होत्या. म्हणजे आजच्या हिशेबाने लाखामागे २,०००. वर्षाला सुमारे २ लाख बायका बाळंतपणाच्या कारणाने मरत. आणि त्यांच्यासाठी देशभरात किती जणी? नर्स सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. मिडवाइफ ५,०००. हेल्थ व्हिजिटर ७५०. समितीने १९७१ पर्यंतचं लक्ष्य ठरवलं : ५०० लोकांमागे एक नर्स, १०० जन्मांमागे एक मिडवाइफ. नर्सचं प्रमाण पंचवीस वर्षांत ८६ पटींनी वाढवायचं होतं, तेही लोकसंख्या वाढत असताना. नर्सेसचं राहणं, पगार आणि कामाचे तास यांची अवस्था दयनीय आहे, असंही समितीने स्पष्ट लिहून ठेवलं.

स्वातंत्र्य मिळालं, डिसेंबर १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. पण ८६ पट नर्स आणणार कुठून? नर्सिंगच्या पूर्ण शिक्षणाला मॅट्रिकच्या जवळपास शिकलेली मुलगी आणि तीन-साडेतीन वर्षं लागत. अशा मुलीच किती होत्या, आणि त्यांतल्या खेड्यात जाऊन राहणाऱ्या किती? मग एक मधला मार्ग निघाला. सातवीपर्यंत शिकलेली मुलगी घ्यायची, तिला दोन वर्षांत शुश्रूषा आणि बाळंतपण दोन्ही शिकवायचं आणि गावाकडे पाठवायचं. १९५१ मध्ये पंजाबातल्या तरनतारनच्या सेंट मेरीज रुग्णालयात असा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. पदाचं नाव ऑक्झिलिअरी नर्स मिडवाइफ, ए.एन.एम. सरकारी मराठीत साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका. गावात नर्सबाई, किंवा नुसतं 'शिष्टर'.

या नावातला 'साहाय्यकारी' हा शब्द मला फार खटकतो. साहाय्य कोणाला? शहरात वर नर्स असते, तिच्यावर डॉक्टर असतात. पण उपकेंद्रावर तिच्यापेक्षा वरचं कोणी राहतच नव्हतं. रात्री दोन वाजता पायाळू मूल अडलं तर साहाय्यक तीच, मुख्यही तीच, आणि सकाळी जाब विचारला जायचा तोही तिलाच.

आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आई अशा नर्सबाई होत्या. त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. गेल्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. नाव छापू नको म्हणाल्या, म्हणून इथे नुसतं काकू म्हणते. त्या जुनी सातवी फायनल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोन वर्षांचा कोर्स करून लागल्या.

"वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं केल्याशिवाय आमच्या बाई वहीवर सही करायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "हातानं पोट चाचपून बाळाचं डोकं कुठंय ते सांगायचं. चुकलं की बाई सगळ्यांदेखत बोलायच्या. पण तो हात बसला ना बाळ, तो मग आयुष्यभर पुरला."

त्यांच्याकडे पाच गावं आणि वाड्या. एस.टी. दोन गावांना, बाकी पायी. कंदिलाच्या उजेडात केलेली बाळंतपणं त्यांना गावासकट, घरासकट आठवतात. आपल्या वर्गातल्या तिघांची नाळ त्यांनी कापली आहे. ती तीन नावं त्यांनी मला सांगितली आणि लगेच म्हणाल्या, "ते मात्र लिहू नको हां, पोरं लाजतील." त्यामुळे तुम्ही तिघं निश्चिंत राहा.

सुईणींशी तुमचं पटायचं का, असं मी विचारलं. त्या हसल्या. "तिला हाकलून कसं चालेल? बोलावणं तिलाच जायचं आधी. तीच मला निरोप धाडायची, शिष्टर, ही काही सुटायची नाही, या. तिनं निरोप धाडला की मी समजायचे, जीप बघायला पाहिजे."

काकू नोकरीला लागल्या त्याच सुमारास त्यांचं पद दिल्लीत बदलत होतं. खरं म्हणजे बदल आधीच सुरू झाला होता. १९६५ मध्ये कुटुंबनियोजनासाठी लूप आला. १९६६ मध्ये केंद्रात कुटुंबनियोजनाचा वेगळा विभाग झाला. त्या दशकात प्रत्येकीला आकडे ठरवून दिले जाऊ लागले. मग १९७२-७३ मध्ये कर्तारसिंग समिती बसली. तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं : हिवतापवाला वेगळा, देवीची लस टोचणारा वेगळा, कुटुंबनियोजनवाला वेगळा, एकाच घरात चार माणसं जातात आणि कोणीच पूर्ण काम करत नाही. म्हणून समितीने सुचवलं, की साडेतीन हजार लोकांमागे एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन 'बहुउद्देशीय' कर्मचारी असावेत. त्यातली स्त्री म्हणजे ए.एन.एम. 'प्रसाविका' हा शब्द गेला, 'आरोग्य सेविका' आला. कागदावर ते सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात पुरुष कर्मचाऱ्यांच्या जागा बऱ्याच ठिकाणी रिकाम्या राहिल्या आणि दोघांचं काम एकीवर आलं.

१९७७ मध्ये अभ्यासक्रमही बदलला. प्रवेशाची अट सातवीवरून दहावी केली, हे चांगलं झालं. पण कालावधी दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला, आणि त्यात विषय वाढले. काहीतरी कमी होणारच होतं, ते बाळंतपणाचं शिक्षण झालं. काकूंच्या नंतर आलेल्या मुली त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेल्या होत्या, इंग्रजी वाचू शकत होत्या, आणि बाळंतपणाला उभं राहायला घाबरत होत्या. "त्यांचा दोष नाही गं," असं काकू दोनदा म्हणाल्या. १९३५ च्या कायद्यातली तीन माणसं आधी एका बाईत कोंबली, मग तिच्यातली मिडवाइफच हळूहळू बाहेर काढली. मला अहवालांतून दिसलं ते हे.

टार्गेटबद्दल सांगताना काकूंचा आवाज बदलला. मार्चअखेर जवळ आला की जेवण जात नसे. केस कमी पडल्या म्हणून एका वर्षी त्यांचा पगार अडवला आणि भर सभेत उभं करून बोलले. "त्या महिन्यात मी अकरा बाळंतपणं केली होती. एकानं विचारलं नाही." हे वाचताना प्राथमिक शाळेतल्या काही गुरुजींनाही आपले दिवस आठवतील, कारण केसेस आणायचं काम शिक्षकांनाही दिलं जायचं. बाळंतपण मोजायचं नाही आणि शस्त्रक्रिया मोजायची असं एकदा ठरलं की माणूस कुठे धावणार हेही ठरतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज बघतो. पण तिथे बिघडतो तो प्रोग्राम. इथे अडलेली बाई होती.

ही टार्गेटं देशभर रद्द झाली ती एप्रिल १९९६ मध्ये. म्हणजे आपली दहावीची परीक्षा नुकती संपली होती तेव्हा. त्याच्या चार महिने आधी, ९ डिसेंबर १९९५ ला, पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी झाली होती. शाळेच्या व्हरांड्यात मांडलेलं टेबल आणि बर्फाचा डबा अनेकांना आठवत असेल. आपल्यातल्या काही जणांना घरोघर निरोप द्यायला पाठवलं होतं. त्या टेबलामागे काकूच होत्या. पोलिओ गेला, आणि तो घालवण्यात अशा हजारो जणींचा वाटा आहे. पण त्या फेऱ्यांचे दिवसही त्याच एका कॅलेंडरमधून काढले गेले होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हे सगळे निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर कोण होतं? भोर आय.सी.एस. अधिकारी. १९६१ च्या आरोग्य समितीचे अध्यक्ष लक्ष्मणस्वामी मुदलियार डॉक्टर, तेही प्रसूतितज्ज्ञ. कर्तारसिंग मंत्रालयातले सनदी अधिकारी. १९८७ मध्ये खास नर्सिंगसाठी उच्चाधिकार समिती नेमली, तिच्या अध्यक्ष सरोजिनी वरदप्पन समाजसेविका होत्या. नर्स एकही नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत केंद्रीय आरोग्य खात्यात टी. के. अद्रनवाला या परिचारिकेने नर्सिंगची बाजू लावून धरली. पण असं पद असणं आणि त्या पदाच्या हातात पैसा व नेमणुका असणं यांत अंतर असतं. नर्सबाईंच्या कामाची यादी वाढवताना त्यांना विचारलं गेलं असतं, तर निदान एक-दोन ओळी कमी झाल्या असत्या, असं मला वाटतं.

दुसरा रस्ता नव्हताच असं नाही. शेजारच्या श्रीलंकेत १९२६ मध्ये कळुतरा इथे पहिलं आरोग्य युनिट सुरू झालं. तेव्हापासून गावपातळीवरची सरकारी मिडवाइफ हे पद त्यांनी टिकवून ठेवलं. ती बाळंतपणापासून कधी दूर गेली नाही, आणि अवघड केस पाठवायला तिच्यामागे रुग्णालय उभं केलं. मातामृत्यू कमी होण्यात श्रीलंका आपल्या कितीतरी पुढे राहिली. देश लहान आणि मुली शिकलेल्या, हेही खरंच. पण फक्त तेवढंच कारण नाही.

आपल्याकडे मोठा बदल २००५ नंतर झाला. ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशा आल्या, जननी सुरक्षा योजनेतून दवाखान्यात बाळंतपण करणाऱ्या बाईला पैसे मिळू लागले. १९९२-९३ मध्ये देशात १०० पैकी सुमारे २६ बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८९ च्या जवळ गेला. मातामृत्यू २००४-०६ मध्ये लाख जन्मांमागे २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. महाराष्ट्रात ३३. भोर समितीच्या २,००० शेजारी हा आकडा ठेवून बघा. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्याला बाईचा दुसरा जन्म म्हटलं, ते ऐंशी वर्षांपेक्षा कमी काळात इतकं बदललं. त्यात रस्ते, रक्तपेढ्या, १०८ ची गाडी, मुलींचं शिक्षण सगळंच आहे. आणि काकूंच्या पिढीने घराघरात कमावलेला विश्वास आहे, जो कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आता अडचण वेगळी झाली. सगळी बाळंतपणं दवाखान्यात गेली, तिथे डॉक्टर थोडे आणि खाटा अपुऱ्या. सरळ, नैसर्गिक बाळंतपण शांतपणे पार पाडणारी व्यक्ती कुठे आहे? खाजगी दवाखान्यांत सिझेरियन किती वाढलं हे आपल्या मुलांच्या वेळी आपण सगळ्याजणींनी पाहिलं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली : नर्सिंग झालेल्यांना आणखी दीड वर्षं शिकवून 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' तयार करायच्या. त्याआधी, २०१२ च्या सुमारास, ए.एन.एम.चा अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला होता, बारावीनंतर. आणि २०२३ मध्ये १९४७ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला : नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशन. जुन्या कायद्याच्या नावात फक्त नर्सिंग होतं. या नव्या नावात मिडवाइफही आहे. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग तिला लसीकरणाला पाठवणार नाहीत ना?"

शेवटी एक विनंती. जन्मनोंदणीच्या आजच्या फॉर्ममध्ये प्रसूतीच्या वेळी कोणाची मदत मिळाली असा एक रकाना असतो. त्यात 'डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित सुईण' हे तिन्ही मिळून एकच पर्याय आहे. म्हणजे घरच्या बाळंतपणाला त्यांतलं नेमकं कोण होतं, हे त्या नोंदीतून कधीच कळणार नाही. म्हणून मी काकूंच्या जुन्या वह्या स्कॅन करून ठेवते आहे. १९७६ ते १९८९ च्या सात वह्या मिळाल्या, मधल्या काहींना वाळवी लागली. तुमच्यापैकी कोणाच्या घरात, माळ्यावर, एखाद्या निवृत्त नर्सबाईंच्या ट्रंकेत अशा वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. स्नेहसंमेलनाला येताना घेऊन या. मी स्कॅनर आणणार आहे, वह्या त्याच दिवशी परत देईन.